सबबीला खुर्ची नाही

आक्कांच्या ओसरीवर वेताच्या दोन खुर्च्या होत्या, आणि तिथं बसायला मिळणार की नाही हे तुम्ही काय बोलायला आलात त्यावर ठरायचं. काम घेऊन आलात, बसा. भांडायला आलात, तरी बसा, वर कॉफीही मिळेल. पण "मी येणारच होतो, पण काय झालं..." अशी सुरुवात केलीत की आक्का हात वर करायच्या. "उभा राहून सांग. सबबीला खुर्ची नाही." त्या ओसरीवर मी पाण्याच्या टँकरवाल्याला उभं राहिलेलं बघितलंय, वॉर्डातल्या पुढाऱ्याला बघितलंय, आणि एका डॉक्टरलाही बघितलंय. डॉक्टर तर गळ्यात नळी अडकवूनच उभा होता.

यामागं त्यांचा हिशेब होता. म्हणायच्या, "खरं कारण असलेला माणूस धापा टाकत येतो, अर्ध्या वाटेवरनं ओरडून सांगतो आणि उलट्या पावली पळतो. त्याला बसायला सवड कुठली? सबब सांगणारा आधी बूड टेकतो. मग घाम पुसतो. मग पाणी मागतो. म्हणून बसवायचंच नाही. पाय दुखायला लागले की सबब आपोआप आखूड होते."

मी त्यांचा भाडेकरू. मूळचा सांगली जिल्ह्यातला, विट्याच्या बाजूचा. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात. जुने दागिने, सोनाराच्या दुकानातला केर, हे सगळं भट्टीत वितळवायचं, तेजाबात घालायचं आणि चोख सोनं वेगळं करायचं. हिंदुस्थानात असं शहर नाही जिथं आमचा माणूस भट्टी लावून बसलेला नाही. मी चौथी शिकलो आणि मिसरूड फुटायच्या आत इथं आलो, तेव्हा गावाचं नाव मद्रास होतं. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. ज्याला चौथी कमी वाटते त्यानं एक दिवस माझ्या भट्टीपुढं बसून दाखवावं.

सारी उमर मी सौकारपेटेत दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपलो. मग छातीत धूर बसला, डॉक्टर म्हणाला दुसरीकडं झोपा, म्हणून तिरुवल्लिकेणीत आक्कांची मागची खोली घेतली. त्या तंजावरी मराठी. पहिल्या दिवशी त्यांची मराठी ऐकून मला वाटलं, ही बाई जुन्या बखरीतनं उठून आली आणि वाटेत तमिळ बाजारातनं भाजी घेऊन आली. "बेस झालं," "काय म्हणून आलास?", "उदंड बोलूं नको," आणि मध्येच "अय्यो". मला त्या तंबी म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. माझे केस त्यांच्याइतकेच पांढरे होते, पण त्यांच्यापुढं ते बोलायची सोय नव्हती.

हा सबबींचा नाद त्यांना नोकरीनं लावला. एका मोठ्या कारखान्यात त्या हजेरी क्लार्क होत्या. फाटकाजवळ खिडकी, खिडकीत आक्का. उशिरा आलेला, न आलेला, पळून गेलेला, सगळ्यांनी त्या खिडकीत तोंड घालून काय ते सांगायचं. एवढी वर्षं माणसांच्या सबबी ऐकल्यावर त्यांना त्यांची चव कळायला लागली होती. कुणी काही सांगितलं की डोळे मिटून जरा थांबायच्या, आणि म्हणायच्या, "शिळी आहे. तुझ्या बापानं पण हीच सांगितली असणार." नाहीतर, "ताजी आहे, पण कच्ची. अजून शिजव आणि उद्या आण." इकडं रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खातात. आक्का म्हणायच्या, "शिळा भात निदान पोटात गार पडतो. शिळी सबब काय करते? जिथल्या तिथं बसवते."

त्यांची एक गोष्ट त्या कारखान्यात पुष्कळ वर्षं सांगत होते म्हणे. एका फिटरची आजी सारखी मरायची. पोंगल जवळ आला की मरायची, क्रिकेटची मॅच असली की मरायची. एकदा आक्कांनी विचारलं, "या वेळी कुठली आजी?" तो म्हणाला, "बापाची आई." आक्कांनी दुपारची सुट्टी टाकली, फुलांचा मोठा हार घेतला आणि पत्ता काढत त्याच्या घरी गेल्या. म्हातारी दारात बसून मुरुक्कू, म्हणजे इकडच्या चकल्या, तळत होती. आक्कांनी तिच्या गळ्यात हार घातला, नमस्कार केला, शेजारी बसून गरम मुरुक्कू खाल्ले. म्हातारी खूश. दुसऱ्या दिवशी खिडकीत फिटर आला तेव्हा त्याला म्हणाल्या, "तुमच्या आजीच्या हाताला चव आहे. अशीच मरू दे."

मी हसलो तेव्हा माझ्यावर डोळे वटारले. "हसतोस काय? त्याची आजी खोटी मरत होती. तुझं तर अख्खं गाव खोटं आहे."

हे त्यांनी मला पहिल्या महिन्यातच सुनावलं होतं. झालं असं की खोलीत खिळा ठोकून देवाची तसबीर लाव म्हणाल्या. मी म्हणालो, "राहू दे आक्का, आपल्याला कुठं इथं कायम राहायचंय. दोन-तीन वर्षांत गावी जाणार." खाटेचं तेच. जमिनीवर झोपत होतो; खाट घेऊन काय करू, जाताना कुठं नेऊ? तमिळचंही तेच. सोनार जेवढं बोलतात तेवढं येत होतं, पुढं कशाला शिकायचं, जायचंच आहे. हे मी एकटा म्हणत नव्हतो. आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस हेच म्हणतो. गावाकडं दोन मजली घर बांधतो, इथं पोटमाळ्यावर झोपतो आणि म्हणतो, आज ना उद्या जाणार. बायको तिकडं, मनगट इकडं. आमच्यात याला कुणी सबब म्हणत नाही, रीत म्हणतात.

आक्कांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. मग म्हणाल्या, "उदंड जुनी आहे ही. आमच्या घरातलीच आहे. आमचे वडीलधारे फौजेबरोबर तंजावरास आले. पावसाळा संपला की परत जाऊं, म्हणाले. तीनशे वर्षं झाली तंबी. अजून पावसाळा संपतोच आहे."

आणि स्वतःच्या हातानं खिळा ठोकला. वाकडा ठोकला. तसबीर अजून वाकडी आहे.

माणूस म्हणून त्या गोड नव्हत्या. कुणी त्यांना देवी करून सांगायला लागलं तर मी ऐकून घेणार नाही. त्यांच्या जिभेनं सख्खा भाचा तुटला होता. तो येईनासा झाला तेव्हा मी तोंडावर सांगितलं, "आक्का, तुमच्यामुळं पोरगं येत नाही." त्या म्हणाल्या, "त्याला यायचं नाही, म्हणून माझी जीभ पुढं करतो." मी म्हणालो, "आणि तुम्हाला जायचं नाही, म्हणून तुम्ही त्याला पुढं करता." त्यावर माझ्याशी बोलणं बंद. कॉफी बंद. आणि एका सकाळी बघतो तर आक्का पिशवी घेऊन बसस्टॉपवर, तांबरमच्या बसची वाट बघत. मला बघून म्हणाल्या, "असा काय बघतोस? भाचा कुणाचा आहे?"

सायकलचं तर सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. सत्तरीच्या आसपास त्यांना वाटलं सायकल शिकावी. लहानपणी भावांना मिळाली, यांना नाही. मी म्हणालो, "आता? या वयात? या साडीत?" तर म्हणाल्या, "वय तुझ्या तोंडातनं आलं, साडी पण तुझ्याच तोंडातनं आली. मी काही बोलले का? सायकल आण." सकाळी देवळाच्या तळ्याकडेच्या रस्त्यावर मी मागनं सीट धरून पळायचो, माझी छाती फुटायची, आणि पुढनं या ओरडायच्या, "धरूं नको रे! धरलंस तर मला कसं कळणार?" मी सोडलं. त्या थेट फुलवालीच्या टोपलीत. मोगऱ्यात बसलेल्या आक्का मला अजून दिसतात. लोक जमले, कुणीतरी तमिळमध्ये म्हणालं, पाटी पडली, आजी पडली. आक्का केसातली फुलं झटकत म्हणाल्या, "पडायला आधी चढावं लागतं. तू कधी चढलास?"

शेवटपर्यंत त्यांना वळण घेता आलं नाही. सरळ जायच्या, उतरायच्या, सायकल उचलून फिरवायच्या आणि सरळ परत यायच्या. पण जायच्या.

आता माझ्या पोराचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय आक्का पुऱ्या कळायच्या नाहीत.

पोरगा गावाकडंच वाढला, आईजवळ. डिप्लोमा केला आणि नशीब बघा, नोकरी लागली श्रीपेरुंबुदूरला, मोटारीच्या कारखान्यात. कंपनीची बस, शिफ्ट, सगळं चांगलं. तिथल्याच ऑफिसातल्या एका तमिळ मुलीशी त्याचं जमलं. मुलीचे वडील कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, पेरुंगुडीला फ्लॅट. त्यांनी पोराला सरळ सांगितलं, "तू चांगला आहेस. पण मी तुझ्या वडलांशी बोलणार, समोरासमोर. ते आले नाहीत तर हे लग्न नाही."

एका रविवारी जायचं ठरलं. मी म्हणालो, लग्नसराई आहे, भट्टी थंड करता येत नाही. पुढच्या रविवारी खोकला होता. त्याच्या पुढच्या रविवारी पोरगा स्वतः आला, कंपनीच्या बसनं, युनिफॉर्मवरच. खुर्चीवर बसला नाही. म्हणाला, "दादा, त्या लोकांनी दुसरं स्थळ बघायला सुरुवात केलीय. तुमच्या मनात नसेल तर तसं सांगा. पण खोकला सांगू नका."

तो गेला. आक्का आतनं सगळं ऐकत होत्या. बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "ऊठ. उभा राहा आणि सांग, काय म्हणून जात नाहीस?"

मी उभा राहिलो. माझ्या खोलीचं भाडं मी वेळेवर देत होतो, मी कशाला उभं राहू? पण राहिलो.

"मला त्यांची भाषा धड येत नाही."

"शिळी."

"गाव काय म्हणेल? दुसऱ्या जातीची, दुसऱ्या मुलखातली."

"गावाला तोंड आहे का? एक नाव सांग, कोण म्हणेल. सांग की." मला एक नाव सुचेना. ज्यांची सुचत होती ती सगळी माणसं मेली होती.

"आम्ही उद्या गावी जाणार, मुलगी तिथं..."

"ती तर सडली. टाक."

मग माझं डोकं सणकलं. मी ओरडलो, "तो मास्तर आहे आक्का! सारी उमर पोरांना शिकवलंय त्यानं. माझे हात बघा!" तेजाबानं माझी बोटं पिवळी झालेली, नखं खाल्लेली. "हे हात घेऊन त्याच्या सोफ्यावर बसू? मी चौथी शिकलेला माणूस त्याच्यापुढं तोंड उघडू, आणि त्यानं गालात हसावं?"

आक्कांनी डोळे मिटले नाहीत. खुर्ची पुढं सरकवली.

"बस," म्हणाल्या. "ही सबब नाही. हे भय आहे. भयाला खुर्ची आहे."

कॉफी आली. मी प्यालो. त्या म्हणाल्या, "रविवारी जाऊं. मी येते बरोबर. तू मराठीत बोल, मी तमिळमध्ये सांगेन. तो मास्तर असला तर मी पण हजेरीची बाई आहे, त्याला पण उभा करीन." मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट आणला.

रविवारी सकाळी शर्ट घालून ओसरीवर आलो, तर आक्का पाय पसरून शेवग्याचा पाला निवडत बसलेल्या. जुनी साडी, केस मोकळे.

"आक्का, निघायचं ना?"

"मला ताप आहे."

मी हात लावून बघितला. गार. "ताप कुठाय?"

"मग पोट दुखतंय."

"सकाळी तीन इडल्या खाल्ल्यात!"

"तीन खाल्ल्या म्हणून दुखतंय."

मी बघतच राहिलो. ज्या बाईनं कारखानाभर माणसांच्या सबबी सोलून काढल्या, तिला स्वतःची एक धड रचता येईना. मी म्हणालो, "आक्का, शरम वाटू द्या. फिटर बरा."

त्या पाल्यावरनं नजर न उचलता म्हणाल्या, "जन्मातली पहिलीच आहे तंबी. गोड मानून घे. आणि बस चुकेल."

मला राग आला. असा राग की बसमध्ये चढलो ते रागानंच. पेरुंगुडीपर्यंत मनात त्यांना शिव्या देत होतो, आणि गंमत अशी की तमिळमध्ये देत होतो. मराठी शिव्या त्यांना कमी पडल्या असत्या.

मुलीच्या वडलांनी दार उघडलं. धोतर, कपाळाला विभूती, बारीक माणूस. सोफ्यावर बसवलं. वाटीपेल्यातली कॉफी आली. मी पेला उचलायच्या आधी दोन्ही हात पुढं केले आणि माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हणालो, "हे तेजाबानं झालंय. धुऊन जात नाही. शाळा चौथी. आता विचारा काय विचारायचं ते." आधी मीच सांगून टाकलं. त्यांनी शोधून काढायचं काही ठेवलं नाही.

ते हसले नाहीत. हातांकडंही फार वेळ बघितलं नाही. म्हणाले, "मला एकच विचारायचंय. सौकारपेटेत तुमचे पुष्कळ लोक आहेत, मी चौकशी केली. सगळे म्हणतात, आम्ही परत जाणार. तुम्ही जाल, मग मुलगा जाईल, मग माझी मुलगी. तिथं तिची भाषा कुणाला येत नाही. तुम्ही कधी जाणार?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. उभ्या जन्मात दुसरं उत्तर मी दिलंच नव्हतं. दोन-तीन वर्षांत. तोंड उघडलं की तेच बाहेर पडणार होतं, आणि ते बाहेर पडलं असतं की पोराचं लग्न त्या सोफ्यावरच मोडलं असतं. आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. मुलगी ऐकत होती.

"जाणार नाही," मी म्हणालो.

"नक्की?"

त्या 'नक्की'नं माझं टाळकं फिरलं. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "त्या मोठ्या पुरात माझी भट्टी छातीएवढ्या पाण्यात होती. तेव्हा गावी गेलो नाही. करोनात सगळं बंद पडलं, माणसं चालत गावाला गेली, तेव्हा मी इथंच होतो. या शहराचं खारं पाणी पिऊन माझे दात गेले. गावाकडं मी चार दिवस पाहुणा असतो, पाचव्या दिवशी मला करमत नाही. मी जाणार नाही. मी इथला आहे. तमिळ वाईट बोलतो, पण इथला आहे. तुम्हाला पटत नसेल तर मुलगी देऊ नका, पण मी जाणार असं पुन्हा म्हणू नका."

हे बोलून होईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं की हे खरं आहे.

त्या बारीक गृहस्थांनी पेला माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "बसा. कॉफी गार होतेय." आणि मग, जरा हळू, "मी तिरुनेलवेलीचा. रिटायर झालो की परत जाणार, असं बायकोला सांगितलं होतं. ती अजून बोचकी बांधून बसलीय." आतनं त्यांची बायको काहीतरी बोलली, आणि दोघं हसले. मीही हसलो. काय बोलली ते मला कळलं नव्हतं, पण विचारलं. आणि त्यांनी सावकाश, पुन्हा सांगितलं.

लग्न झालं. लग्नात आक्कांनी तिन्ही दिवस हुकूम सोडले आणि बँडवाल्याला उभं राहून सबब सांगायला लावली. गेल्या वर्षी त्या गेल्या. झोपेतच गेल्या, काही कारण न देता. भाच्यानं सगळं केलं. ओसरी आता दुसऱ्यांची आहे, पण मागची खोली माझीच, आणि घरमालक कोणीही असो, मी सोडणार नाही.

पण त्या रविवारी संध्याकाळी मी परत आलो तेव्हा त्या ओसरीवरच होत्या, पोट अजिबात दुखत नव्हतं. मी सगळं सांगितलं. 'जाणार नाही' म्हणालो, तेही सांगितलं. मला वाटलं, बेस म्हणतील. म्हणाल्या, "मास्तरला सांगितलंस. मला सांगितलंस. जी बाई तिकडं वाट बघत बसलीय तिला सांगितलंस?"

मी तिथंच उभं राहून गावी फोन लावला. आमची मंडळी आधी पोराचं विचारत राहिली. मी म्हणालो, "जमलं. आणि ऐक, मी आता गावी येणार न्हाई."

तिकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. "म्हंजे?"

"म्हंजे येणार न्हाई. तू हिकडं ये."

"आवो, आता ह्या वयात? मी तिथं येऊन काय करू? मला त्यांची भाषा येत न्हाई."

"मला तरी कुठं धड येती? ये."

तिकडं दाराची कडी वाजली. आक्का माझ्याकडं बघत होत्या. मग तिकडनं ती म्हणाली, "नवं कुलूप आणाय लागंल. घरात हाय ते गंजलंय."